मोजणीच्या दिवशी आलेली तीन बोटं

"मावशी, खायचं काही आत न्यायचं नाही. आज ऑर्डर आहे," ऑडिटोरियमच्या दारातला सिक्युरिटीवाला मला म्हणाला.

माझ्या हातात स्टीलचा डबा होता. कंपनीत नेतात तसला, बाजूला दोन क्लिपा असलेला. डब्यात बर्फ होता, बर्फात प्लॅस्टिकची पिशवी होती, आणि पिशवीत एका बाईची तीन बोटं होती.

"खायचं नाही रे बाबा," मी म्हटलं. "उघडून दाखवू का?"

त्यानं डब्याकडं बघितलं. माझ्या बाहीवरच्या रक्ताकडं बघितलं. आणि गप बाजूला झाला. शिकल्यासवरलेल्या माणसांना जे दीड तास समजलं नव्हतं ते त्याला एका नजरेत समजलं.

आता पहिल्यापासून सांगते. माझं नेहमी असंच होतं, गोष्ट मधूनच सुरू करते आणि मग मागं पळत जाते.

मी चाकण पट्ट्यातल्या एका मोठ्या टीचिंग हॉस्पिटलमध्ये अटेंडंट होते. नाव सांगत नाही, सांगून काय करायचंय. अटेंडंट म्हणजे जुन्या भाषेत आया. पण तिथं सगळे मावशीच म्हणायचे. डीनसाहेब मावशी म्हणायचे आणि पेशंटही मावशीच म्हणायचा. माझं शिक्षण सातवी, तीही नापास. जे काही आलं ते बघून बघून आलं. औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं लावत लावत इंग्रजी वाचायला शिकले, आणि डॉक्टरांचं अक्षर वाचता येतं म्हणून नर्सिंगच्या पोरी माझ्याकडं यायच्या, तुम्हाला खोटं वाटेल.

मी लागले तेव्हा हॉस्पिटल म्हणजे दोन पत्र्याची शेडं. त्याच्या आधी तिथं कांद्याची वखार होती. तीस खाटा टाकल्या, एक ऑपरेशन थिएटर केलं, आणि झालं सुरू. उन्हाळ्यात पत्रे तापले की भिंतीतून जुन्या कांद्याचा वास यायचा. फिनेल कितीही मारा, जायचा नाही. पहिली पाच वर्षं मी त्या वासातच काढली.

पेशंट कुठले, तर कंपन्यांतले. आणि त्यांचं दुखणं काय, तर हात. लोकांना वाटतं हॉस्पिटल डॉक्टरांमुळं वाढतं. आमचं हॉस्पिटल हातांमुळं वाढलं. आजूबाजूच्या शेतांत कंपन्या उभ्या राहिल्या, कंपन्यांत पत्रा दाबायचे प्रेस आले, शीट कापायची मशीनं आली, आणि बोटं तुटून यायला लागली. आठवड्याला एक, मग दोन. मग हाडांचे डॉक्टर पूर्ण वेळ ठेवावे लागले. भूल देणारे ठेवावे लागले. एक्स-रे आला, ब्लड बँक आली. आणि शेवटी नाईक मॅडम आल्या.

नाईक मॅडम म्हणजे प्लॅस्टिक सर्जन. प्लॅस्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना नाक सरळ करणं आठवतं. आमच्याकडं नाकासाठी कोणी येत नसे. मॅडम तुटलेली बोटं जोडायच्या. रिप्लांट म्हणतात त्याला. दुर्बिणीखाली बघून, केसापेक्षा बारीक दोऱ्यानं, शीर शिरेला शिवायची. एकेका बोटाला तीन-तीन तास. मी त्यांच्या थिएटरला सात वर्षं होते. उभं राहून राहून माझ्या पायांच्या शिरा फुगल्या, पण त्यांचा हात कधी थरथरलेला बघितला नाही.

नवे इंटर्न आले, म्हणजे एमबीबीएस संपवून वर्षभर काम शिकायला राहिलेली पोरं, की मॅडम म्हणायच्या, "मावशी, सांगा यांना." मग मी पाढे म्हटल्यासारखं सांगायची. तुटलेलं बोट ओल्या गॉजच्या पट्टीत गुंडाळायचं. ते कोरड्या पिशवीत घालून तोंड बांधायचं. ती पिशवी बर्फात ठेवायची. बोटाला बर्फ शिवता कामा नये आणि पाणीही शिवता कामा नये. बर्फ थेट लागला की बोट आतून करपतं. मग जगातला कुठलाही सर्जन आणा.

मग कॉलेज आलं. मेडिकल कॉलेज, मागून विद्यापीठ. शेडं पाडली, सात मजली बिल्डिंग झाली, काचेची. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. आपण जिथं लादी पुसली तिथं डॉक्टर तयार होणार, हे काय कमी आहे?

पण कॉलेजबरोबर मोजणीही आली.

हे जरा समजावून सांगायला हवं. विद्यार्थी डॉक्टर होतात ते पेशंट बघून आणि शिकवणाऱ्यांकडून. म्हणून वरच्या कौन्सिलचा नियम असतो, इतके विद्यार्थी असतील तर खाटांवर इतके पेशंट पाहिजेत आणि इतके शिकवणारे डॉक्टर पाहिजेत. नियम चांगलाच आहे. भिंती बघून कोण डॉक्टर होणार? तर हे बघायला तपासनीस येतात, आगाऊ न कळवता. ते आले की सगळ्या डॉक्टरांनी अकराच्या आत हॉलमध्ये हजर व्हायचं, कागदपत्रं घेऊन बसायचं, नाव पुकारलं की समोर जाऊन सही करायची. याला हेडकाउंट म्हणतात. नाव पुकारलं आणि डॉक्टर नसला तर तो नाहीच, असं धरतात.

आणि दुसरीकडं खाटा मोजतात.

आगाऊ न कळवता म्हटलं खरं, पण वारं लागतंच. आठवडाभर आधी अ‍ॅडमिनचे पाटणकर साहेब मला गाठून म्हणाले, "मावशी, तुम्ही महाळुंग्याच्या ना? तुमच्या आळीतल्या बायका आणा की. कॅम्प ठेवलाय. तपासणी फुकट, जेवण फुकट, न्यायला-आणायला आपली गाडी."

"कसला कॅम्प साहेब?"

"सगळाच. शुगर, बीपी, डोळे. एक दिवस राहायचं फक्त."

शुगर बघायला बाई दिवसभर खाटेवर का झोपवायची, हे मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळलं होतं. या आधीही झालं होतं, मी बघितलं होतं. पण वाटलं, बायकांची तपासणी तर होईल. आमच्या आळीतल्या बायका जीव गेला तरी डॉक्टरकडं जात नाहीत. मी बारा जणी नेल्या. त्यांत माझ्या थोरल्या जाऊबाई हौसाबाईही होत्या. या गोष्टीत माझी चूक कुठं आहे विचाराल तर ती इथं आहे.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला तपासनीस आले. कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात विभागात, बारा खाटा. बाराच्या बारा भरलेल्या. हिरवे गाऊन घालून, नऊवारीवरूनच, आमच्या बायका झोपलेल्या. प्रत्येकीच्या उशाला सलाईन टांगलेलं. नळी हातापर्यंत आणलेली आणि वर पांढरी चिकटपट्टी.

जाऊबाई मला बघून उठूनच बसल्या. "अगं सुले, ह्येंनी सुई टोचलीच न्हाई. नुसती पट्टी लावली. मला झालंय काय?"

"काही नाही झालं आक्का, पडून राहा."

"काय न्हाई झालं तर पडू कशाला? कांदं भरायचं सोडून आलीया मी."

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "पड गं हौसे. घरी कधी पडाय मिळतं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पावणेअकराला माझं हसू गेलं.

कंपनीची गाडी दारात लागली. आतून एक बाई उतरली, तिशीची असेल, निळा एप्रन, उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला. टॉवेल पूर्ण लाल. बरोबर सुपरवायझर, आणि त्याच्या हातात हा डबा.

तिचं नाव सुरेखा. परभणीकडची. नवरा-बायको दोघंही इकडं कामाला आलेली. ती शीट कापायच्या मशीनवर होती. या मशीनला दोन बटणं असतात, दोन हातांनी दोन्ही दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे हात मध्ये राहूच शकत नाही. शहाण्या माणसानं केलेलं मशीन. पण दोन्ही हात गुंतले की माल हळू निघतो. म्हणून एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. सव्वाआठला पातं आलं तेव्हा उजवा हात आत होता. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली.

"सव्वाआठला?" मी सुपरवायझरला म्हटलं. "आता पावणेअकरा झालेत!"

"आधी कंपनीच्या डॉक्टरांकडं नेलं. मग फॉर्म भरला. मग आंबेठाण चौकात ट्रॅफिक."

"फॉर्म कुणाच्या हातानं भरला? तिच्या?"

मी डबा उघडला. कॅन्टीनच्या फ्रीजमधला बर्फ आणि त्यात तिन्ही बोटं तशीच टाकलेली. बर्फ वितळून पाणी झालेलं, दोन बोटं त्यात तरंगतायत, तिसरं तळाच्या बर्फाला चिकटून पांढरंफटक. शपथेवर सांगते, त्या माणसानं ते मनापासून केलं होतं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. इतक्या कंपन्या, इतके बोर्ड लावलेले, हेल्मेट घाला, बूट घाला, आणि बोट कसं न्यायचं याचा एक कागद कुठं चिकटवलेला नाही.

मी तिन्ही बोटं काढली, सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये वेगवेगळी गुंडाळली, पिशवीत बांधली. डब्यातलं पाणी ओतून आमचा बर्फ घातला आणि त्यात पिशवी ठेवली. सुरेखा माझ्याकडं बघत होती. रडत नव्हती.

"मावशी, बसतेत का ओ बोटं? उजवा हात हाय माझा."

"पात्यानं कापलीत, चेचलेली नाहीत. बसायची आशा असते," मी म्हटलं. हे खरं होतं. प्रेसनं चेचलेलं बोट जुळत नाही, पण सरळ कापलेलं जुळतं. वेळेत झालं तर.

पण तिला झोपवायचं कुठं? बारा खाटा, बारा धडधाकट बायका. खरी पेशंट कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर. आणि त्या बायका मी आणलेल्या.

कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणून एकटी इंटर्न होती, अस्मिता. बाकी सगळे हॉलमध्ये. पोरगी चांगली होती. तिनं रक्त थांबवलं, खरं सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. नाईक मॅडमना फोन लावला. बंद. भूलवाल्या सरांना लावला. बंद.

"मावशी, फोन दारातच जमा करून घेतलेत सगळ्यांचे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मी चौथ्या मजल्यावर गेले. हॉलच्या बाहेर पाटणकर साहेब यादी घेऊन फिरत होते.

"साहेब, रिप्लांटची केस आलीय. तीन बोटं. नाईक मॅडम पाहिजेत आणि एक भूलवाले."

"आज?" असं म्हणाले. जणू त्या बाईनं तारीख बघून हात घालायचा होता. "मॅडमचं डिपार्टमेंट शेवटी आहे मावशी. नाव पुकारलं आणि त्या नसल्या तर आपलं एक नाव कमी. एक नाव कमी तर कॉलेजच्या वाढीव सीट गेल्या. पाच वर्षांचं काम आहे हे."

"सही आधी करून घ्या ना त्यांची."

"तसं सांगता येत नाही. तपासनीसांसमोर आपण गडबड दाखवायची नाही. थांबा, बघतो मी."

मी थांबले. आत चहा गेला, बिस्किटं गेली, काजू गेले. अर्ध्या तासानं साहेब बाहेर आले.

"लंच ब्रेकमध्ये बघू."

"बोटांना लंच ब्रेक नसतो साहेब."

"मग रेफर करा पुण्याला. आणि हे बघा, तुम्ही अटेंडंट आहात. डॉक्टर नाही."

हे ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो आज सांगतानाही होतोय. मी डॉक्टर नाही हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठीच तर डॉक्टर न्यायला आले होते! माझ्या हातानं जोडता आली असती तर त्यांच्या दारात कशाला उभी राहिले असते?

तरी खाली गेले. म्हटलं, रेफर तर रेफर. अँब्युलन्स मागवली. तर आपल्या दोन्ही अँब्युलन्स कुठं? खेड्यांत गेलेल्या, कॅम्पचे आणखी पेशंट आणायला. आजारी नसलेली माणसं अँब्युलन्समधून येत होती, आणि आजारी बाईला अँब्युलन्स नव्हती. कंपनीची गाडी सुपरवायझर घेऊन गेला होता, शिफ्टचा रिपोर्ट द्यायचा म्हणून.

कॉरिडॉरमध्ये सुरेखाचा नवरा आला होता. तो नुसता तिच्या डाव्या हातावरची बोटं एकेक करून चोळत होता.

मी कॅज्युअल्टीत शिरले तर जाऊबाई खाटेवरून उतरलेल्या. मनगटावरची चिकटपट्टी ओढून काढत होत्या. आतून नळी लोंबकळली, आणि सलाईनचं पाणी लादीवर टपटप पडायला लागलं.

"ह्या बाईला बाहेर ठिवून आमाला हितं निजवलंय व्हय?" त्या सगळ्यांना म्हणाल्या. "उठा गं. लाज हाय का न्हाई?"

"हौसे, जेवण यायचंय अजून," कोणीतरी म्हणालं.

"जेवण घरी हाय. ऊठ."

एकेक करत सगळ्या उठल्या. अस्मिता डॉक्टर बघतच राहिली. जाऊबाईंनी स्वतःच्या खाटेवरची चादर झटकली, सुरेखाला धरून आणलं, झोपवलं. मग माझ्याकडं वळल्या. "आन तू? तू हितं का हुबी? डबा घे की आन जा."

खरं सांगते, मला कामाचं भय होतं. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. त्यांनी सांगितलं नसतं तर मी आणखी एकदा पाटणकर साहेबांच्या पाया पडायला गेले असते. पण जाऊबाईंना मी लहानपणापासून घाबरते, म्हणजे लग्न झाल्यापासून. साहेबांपेक्षा जास्त घाबरते. डबा उचलला आणि गेले.

तर सिक्युरिटीवाल्यानं मला आत सोडलं, तिथपर्यंत आलो आपण.

हॉलमध्ये शे-दीडशे डॉक्टर बसलेले. पांढरे कोट, गळ्यात ओळखपत्रं, मांडीवर फायली. इतके डॉक्टर मी एका जागी कधी बघितले नव्हते, आणि इतके डॉक्टर एका जागी काहीच करत नसलेले तर नाहीच. पुढं टेबलाला तीन तपासनीस. मधले वयस्कर, चश्म्यातून एकेक कागद बघत होते.

पाटणकर साहेब धावत आले. "मावशी! मावशी, बाहेर!"

मी सरळ टेबलापर्यंत गेले आणि डबा त्या कागदांवर ठेवला. झाकण उघडलं.

"साहेब, तुम्ही डॉक्टर मोजताय. ही पण मोजा. तीन आहेत. सकाळी सव्वाआठपासून हजर आहेत."

मी मराठीत बोलले, त्यांना किती कळलं माहीत नाही. वयस्कर तपासनीसांनी पिशवी बोटानं जराशी उचलली, वरून दाबून बघितली, आत बघितलं.

"किसने पैक किया?"

"मी केलं. पण आधी दोन-अडीच तास नुसत्या बर्फात होती."

"यहाँ कौन करता है रिप्लांट?"

मागच्या रांगेत नाईक मॅडम केव्हाच उभ्या राहिल्या होत्या. फाइल खुर्चीवर टाकून त्या पायऱ्या उतरत होत्या. त्यांच्या मागून भूलवाले सर, त्यांच्या मागून दोन रेसिडेंट डॉक्टर.

"मॅडम, सही..." पाटणकर साहेब म्हणाले.

"साइन मैं ओटी में आ के ले लूँगा," तपासनीस म्हणाले. "दो मिनट का काम है. मुझे बोला क्यों नहीं?"

ऐकलंत? दोन मिनिटांचं काम. विचारलं असतं तर ते अकरालाच हो म्हणाले असते. नियम कोणाला अडवत नव्हता. अडवत होती ती पाटणकर साहेबांची भीती, आणि त्या भीतीला त्यांनी नियमाचा कोट घातला होता. माझा सगळ्यात जास्त राग त्याचा आहे. क्रूर माणूस परवडला, त्याला ओळखता तरी येतं. हे साहेब चांगले होते हो. दिवाळीला आम्हा सगळ्यांची विचारपूस करायचे.

दुपारी साडेबाराला सुरेखा थिएटरमध्ये गेली. मी बरोबर गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. तपासनीस खरंच आले, बाहेरच्या खोलीत थांबले, मॅडमनी हात धुवायच्या आधी कागदावर सही केली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पुढं ते खाटा मोजायला कॅज्युअल्टीत गेले. हा भाग मला अस्मिता डॉक्टरनं सांगितला. बारा खाटांपैकी अकरा रिकाम्या, सुरेखाची बारावी तीही रक्तानं भरलेली आणि रिकामी. उशाला अकरा-बारा सलाईनं टपटपतायत. आणि आमच्या बायका बाहेर बाकावर ओळीनं बसलेल्या, गाऊन घड्या घालून मांडीवर.

"पेशंट कहाँ हैं?" तपासनीसांनी विचारलं.

पाटणकर साहेब हातातली यादी चाळायला लागले. जाऊबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमी बऱ्या झालो. लै गुणाचा दवाखाना हाय तुमचा. नुसत्या पट्टीवर बऱ्या झालो."

तपासनीसांनी कागदावर काय लिहिलं ते अस्मितानं बघितलं नाही.

ऑपरेशन रात्रीपर्यंत चाललं. मॅडमनी पहिली दोन बोटं जोडली, तिसरंही जोडलं. ते तळाच्या बर्फाला चिकटलेलं होतं ना, तेच. दोन दिवस ते गुलाबी राहिलं. पाचव्या दिवशी काळं पडलं आणि काढावं लागलं.

मी मॅडमना विचारलं, "बर्फानं गेलं की उशिरानं?"

त्या म्हणाल्या, "मावशी, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही."

त्या डॉक्टर आहेत, त्यांना खात्री लागते. मला लागत नाही. त्या बोटातला काही भाग कंपनीच्या टेपनं नेला, काही कॅन्टीनच्या बर्फानं, आणि काही आमच्या चौथ्या मजल्यावरच्या चहा-बिस्किटांनी. आणि काही मी नेला, बारा खाटा भरून. बटणावर टेप लावून मशीनला फसवायचं, मनगटावर पट्टी लावून तपासनीसाला फसवायचं. मध्ये हात मात्र सुरेखाचा.

त्या वर्षी वाढीव सीट मिळाल्या नाहीत. पुढच्या वर्षी मिळाल्या. आता हॉस्पिटल अकरा मजली झालंय. खाली लॉबीत भिंतभर फोटो लावलेत, पत्र्याच्या शेडापासून आतापर्यंत कसं वाढलं त्याचे. शेडाच्या फोटोत कोपऱ्यात बादली घेऊन उभी आहे ती मी. खाली डॉक्टरांची नावं आहेत, बादलीचं नाव नाही. असू दे.

मला मेमो मिळाला. मेमो म्हणजे कामावरचं कारणे-दाखवा पत्र. त्यात दोन आरोप होते. एक, परवानगीशिवाय सभागृहात प्रवेश. दुसरा वाचून मी खुर्चीतून उठलेच. "बायोमेडिकल वेस्ट उघड्यावर हाताळणे व सन्माननीय पाहुण्यांसमोर ठेवणे." बायोमेडिकल वेस्ट म्हणजे आमच्याकडचा कचरा. रक्ताळलेला कापूस, कापून टाकलेलं मांस, पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवतात ते.

उत्तर द्यायला तीन दिवस दिले होते. युनियनवाला म्हणाला, "मावशी, माफी लिहून टाका, मी मजकूर देतो." मी म्हटलं, माझं मला लिहिता येतं. मला टेबलावर बसून लिहायची सवय नाही, म्हणून मुदत वाढवून घेतली. सुरेखाच्या बोटांचे व्यायाम सुरू होईपर्यंत थांबले. मॅडमनी तिला पेन धरायला दिलं, दोन बोटं आणि अंगठा. पेन तीनदा पडलं. चौथ्यांदा तिनं कागदावर नाव लिहिलं, वेडंवाकडं, रेघ सोडून, पण पूर्ण. तो कागद मी मॅडमकडून मागून घेतला.

मग मेमोचं उत्तर लिहिलं. दोन ओळींचं. "पहिला आरोप कबूल. दुसरा कबूल नाही, कारण त्या कचऱ्यानं ही सोबतची सही केली आहे." आणि कागद पिनेनं जोडला.

उरलेली दोन वर्षं मला लिनन रूममध्ये टाकलं, चादरी मोजायला. मोजल्या. कधी कमी भरल्या नाहीत.

तुमच्या घरातलं कोणी कंपनीत जात असेल तर एवढं सांगून ठेवा. बोट तुटलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचं, कोरड्या पिशवीत बांधायचं, पिशवी बर्फात ठेवायची, फॉर्म नंतर भरायचा. आणि हॉस्पिटलात पोचलात की केसपेपरच्या आधी खिडकीवर विचारायचं, आज इथं डॉक्टर मोजतायत की वापरतायत.